मदत हवी आहे: उमय्या खिलाफत इतक्या झटपट कशी कोसळली?

नमस्कार मंडळी. सध्या उमय्या घराण्याबद्दल (इस्लामी साम्राज्यावर राज्य करणारं पहिलं खलिफा घराणं) वाचतोय आणि एका ठिकाणी गाडी अडली आहे.

उदय कळतो. 661 मध्ये मुआवियाने दमास्कसला राजधानी केली, मुलाला वारस नेमून सत्ता घराण्यात ठेवली. 680 मध्ये करबला झालं (पैगंबरांचा नातू हुसेन उमय्या फौजेकडून मारला गेला), त्याचा डाग शेवटपर्यंत पुसला गेला नाही. पुढे अब्द अल-मलिक या खलिफाने विस्कटलेली घडी बसवली. अरबी ही दफ्तराची भाषा केली, चित्रांऐवजी नुसता मजकूर असलेली नाणी पाडली. (मला तर खरा संस्थापक हाच वाटतो!) 711 च्या सुमारास एकीकडे स्पेन, दुसरीकडे सिंध. 739 च्या नवसारी ताम्रपटात गुजरातच्या चालुक्य पुलकेशीने हरवलेले ‘ताजिक’ म्हणजे हेच अरब, हे वाचून गंमत वाटली.

अडचण पुढे आहे. 743 मध्ये खलिफा हिशाम वारला, 744 या एकाच वर्षात चौघे खलिफा झाले, आणि 750 मध्ये इराकमधल्या झाब नदीकाठी अब्बासी या प्रतिस्पर्धी घराण्याशी झालेल्या लढाईत सगळं संपलं. कोणी म्हणतं कैस आणि यमन या अरब टोळीगटांचं आपसातलं वैर नडलं. कोणी म्हणतं, मुसलमान होऊनही जिझिया भरावा लागणारे बिगरअरब ‘मवाली’ खुरासानात (इराणचा ईशान्य भाग व आसपास) अब्बासींना मिळाले. पण त्या बंडात अरबही बरेच होते ना? मग मुख्य कारण कोणतं धरायचं?

आणि आपल्या ‘मवाली’ शब्दाचं मूळ हेच का? जाणकारांनी सांगावं. मराठीत काही वाचण्यासारखं असेल तर तेही सुचवा.