टीव्हीच्या भिंतीला गडद शेवाळी रंग

बी-३०२: नमस्कार मंडळी. दिवाळीआधी हॉल रंगवून घेतोय. सोफ्यामागच्या भिंतीला गडद हिरवा द्यायचं मनात आहे. पोपटी नाही, बाटलीचा हिरवाही नाही. राखाडीकडे झुकणारा, दगडी भिंतीवर शेवाळ सुकायला लागलं की दिसतो तसा. सासूबाई म्हणतात घर अंधारं होईल. कोणी दिलाय का असा रंग?

ए-१०४: अगं नको. आपले हॉल १० बाय १५ चे. भर दुपारी दिवे लावावे लागतील.

सी-५०१: आम्ही दोन वर्षांपूर्वी बेडरूमला दिला. मला अजूनही फार आवडतो, पण पहिल्यांदा काय चुकलं ते सांगते. शेडकार्डवरच्या बोटभर चौकोनावरून निवडला. सकाळी सुंदर दिसायचा आणि रात्री ट्यूब लावली की निळसर, शाळेच्या फळ्यासारखा. पेंटरला परत बोलावणार होतो. मग ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब काढून ३००० चे पिवळसर दिवे लावले, तर तोच रंग मेंदीवर आला. अशा मिश्र हिरव्यात राखाडी, पिवळा, काळा सगळंच असतं, दिवा बदलला की वेगळाच अंश वर येतो.

बी-३०२: मग निवडायचा कसा?

सी-५०१: छोटा डबा आण. २ बाय २ फुटांच्या पुठ्ठ्याला दोन हात मार आणि तो घरभर फिरव. सकाळी, दुपारी चारला, रात्री आठला बघ. भिंतीवर थेट नको लावूस, आधीचा रंग शेजारी असला की डोळा फसतो.

डी-२०३: रंगाच्या धंद्यात आहे म्हणून बोलतो. १०४ च्या काकूंचं म्हणणं चूक नाही. शेडच्या माहितीत एलआरव्ही म्हणून आकडा असतो, रंग किती उजेड परत फेकतो त्याचा, काळा ० आणि पांढरा १००. असे गडद हिरवे साधारण १० च्या आसपास येतात, म्हणजे पडलेला बहुतेक उजेड भिंत गिळते. आता आपल्या सगळ्यांच्या हॉलचा नकाशा एकच. सोफ्यामागची भिंत बरोबर बाल्कनीसमोर येते. बाहेरचा उजेड तिच्यावर आपटूनच आत पसरतो. ती गडद केलीत तर खरंच अंधार होईल. टीव्हीची भिंत बाजूची आहे, तिला द्या. बंद टीव्हीचा काळा चौकोनही त्यात मिसळून जातो. बाकी तीन भिंती आणि छत दुधाळ पांढरं ठेवा.

ए-१०४: हे पटलं मला.

डी-२०३: आणखी थोडं. प्रायमर राखाडी करून घ्या, पांढऱ्यावर गडद रंग तीन हातांतही डागाळ दिसतो. एकदम मॅट नको, हात फिरला की चकाकीचे पट्टे उठतात. फार चकचकीतही नको, पुट्टीचा प्रत्येक उंचवटा दिसेल. मधलं सॅटिन फिनिश घ्या. सगळे डबे एका बादलीत एकत्र करून मगच सुरुवात करायला सांगा.

ए-१०१: आमच्या चाळीत कमरेपर्यंत हिरवा ऑइल पेंट आणि वर चुना असायचा. पोरांचे हात खालीच लागत, ओल्या फडक्याने पुसलं की झालं. सूनबाई, गडद रंगाला घाबरू नका. दाराचा जुना ऑइल पेंट मात्र कोरडा घासू देऊ नका. घरगुती रंगात विषारी शिशाची ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली, आपली दारं त्याआधीची. धूळ उडू नये म्हणून ओलं करून घासायला सांगा, आणि नातवाला त्या दिवशी आमच्याकडे पाठवा.

बी-३०२: हो काका, नक्की पाठवते.

सी-५०१: ३०२, टीव्हीची भिंत बाथरूमला लागून आहे ना? ओल असेल तर लोणा येईल, आणि गडद रंगावर ती पांढरी पावडर लांबून दिसते. हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर डकव, दोन दिवस ठेव, ओल असेल तर कळेल.

*(दोन दिवसांनी)*

बी-३०२: पुठ्ठा टीव्हीच्या भिंतीला टेकवून ठेवलाय. रात्री सासूबाईंनी देवघरातली समई आणून त्याच्यासमोर ठेवली. पितळ असं उजळलं की त्या स्वतःच म्हणाल्या, हाच रंग. पण प्लास्टिक काढलं तर खालच्या कोपऱ्यात भिंत ओली लागली, गडद डाग पडलाय.

डी-२०३: मग आत्ता रंगवू नका. भिंत पूर्ण सुकू दे. ओलीवर कितीही महागडा रंग दिलात तरी फुगे येऊन सुटणार.

बी-४०२: हे आमच्या बाथरूममुळे असणार, फार वाईट वाटतंय. फरशीच्या सांध्यांतली सिमेंट निघालीये. उद्या ११ ला प्लंबर येतोय. आम्ही वरून पाणी सोडू, तुम्ही खाली कोपऱ्यावर लक्ष ठेवाल का?

बी-३०२: हो, घरीच आहे. तो कोपरा मोकळा करून ठेवते. रंगाचं दिवाळीनंतर बघू.