मोरचुदाचं पाणी कुठं टाकायचं?

प्रयोगशाळा परिचर, तासगाव तालुका: १०वीच्या प्रयोगात लोखंडी खिळे मोरचुदाच्या (कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार) पाण्यात बुडवतात, ते निळं पाणी बादलीभर साठलंय. बेसिनचा पाइप थेट ओढ्यात जातो, तिथं पोरं मासे धरतात. माझ्या हातून तिथं सोडवत नाही. काय करू?

निवृत्त शिक्षक, मिरज: सोडू नकाच, तांबं माशांना फार घातक. हातमोजे घाला. धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून थोडा थोडा ओता. फेस येईल, घाई नको. निळसर-हिरवा साका रात्रीत खाली बसेल. गाळून, वाळवून, चिठ्ठी लावलेल्या बरणीत ठेवा. घंटागाडीत नको, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय सांगलीत आहे, तिथं विचारा.

परिचर: आमच्याकडं बोर्डोसाठी (बागेत फवारायचं मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मोरचूद वापरतातच. बागेत दिलं तर?

द्राक्षबागायतदार, पलूस: नको भाऊ. त्यात लोखंड उतरलंय, आणखी काय मिसळलंय कुणाला ठाऊक! ॲसिडही त्याच बादलीत ओतू नका.

परिचर: ॲसिड वेगळंच ठेवलंय. उद्याच सोडा आणतो, सर.