500 प्रेक्षकांवर क्लब चालतो कसा? स्कॉटलंडच्या तळातल्या लीगचं गणित

गोलपोस्ट_सातारा

स्कॉटलंडच्या एसपीएफएलमध्ये (स्कॉटिश प्रोफेशनल फुटबॉल लीग) 42 क्लब आहेत. प्रीमियरशिपमध्ये 12, आणि चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू यांत प्रत्येकी 10. वरच्या टोकाची चर्चा भरपूर होते. 1985 साली अ‍ॅबरडीन जिंकल्यानंतर 2025 पर्यंत विजेतेपद सेल्टिक आणि रेंजर्स सोडून कुणाकडे गेलं नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. मला विचारायचंय ते खालच्या टोकाबद्दल.

लीग टूच्या सामन्याला काही शेकडा माणसं येतात. खेळाडू दिवसा नोकरी करतात आणि साधारणपणे मंगळवारी-गुरुवारी संध्याकाळी सराव करतात. तरी हे क्लब शंभर-सव्वाशे वर्षं टिकलेत, आणि मध्येच एखादा अचानक कोसळतो. तेव्हा तिकिटांवर पगार निघतो का? कृत्रिम मैदान टाकलं की प्रश्न सुटतो असं म्हणतात, ते कितपत खरं? आणि जे क्लब बुडाले ते नेमके कशामुळे? जाणकारांनी शक्य तिथे आकड्यांसह सांगावं.

हिशेबवही

तिकिटांवर पगार निघत नाही. पुढचे आकडे गणित कळावं म्हणून गृहीत धरलेले आहेत, कुठल्या एका क्लबाचे नाहीत.

10 संघ एकमेकांशी चार-चार वेळा खेळतात, म्हणजे 36 सामने, त्यातले 18 घरच्या मैदानावर. 500 प्रेक्षक आणि 15 पौंड तिकीट धरा. त्या 15 मध्ये 20 टक्के व्हॅट आहे, म्हणजे क्लबाच्या हाती साडेबारा पौंड. सामन्याला 6,250, हंगामाला 1,12,500 पौंड. मुलं, ज्येष्ठ नागरिक आणि सीझन तिकिटवाले कमी पैसे देतात, ते अजून वजा केलेलं नाही.

आता 20 खेळाडू, आठवड्याला सरासरी 150 पौंड, 40 आठवडे: 1,20,000 पौंड. दाराशी जमलेला सगळा पैसा इथेच संपला. प्रशिक्षक, फिजिओ, स्ट्युअर्ड, विमा, वीज, लाँड्री, बस हे सगळं बाकीच आहे. बसचा खर्च हलका समजू नका. नैर्ऋत्य टोकाचं स्ट्रनरार आणि ईशान्येचं एल्गिन यांत रस्त्यानं 400 किलोमीटरहून जास्त अंतर आहे. सकाळी निघून मध्यरात्री परतायचं.

ही तूट लीगकडून क्रमवारीनुसार मिळणारा हिस्सा, मैदानाभोवतीचे जाहिरात फलक, शर्टचा प्रायोजक, समर्थकांची लॉटरी, मटण-पाय (pie) आणि बोव्हरिल या गरम पेयाचा स्टॉल यांतून भरतात. बिअर विकून कमवावं म्हटलं तर 1980 च्या स्कॉटिश कप अंतिम सामन्यानंतर सेल्टिक-रेंजर्सच्या चाहत्यांची मैदानातच हाणामारी झाली आणि त्याच वर्षीच्या कायद्यानं स्टँडमधली दारू बंद झाली. हॉस्पिटॅलिटीच्या बंद खोलीत ती चालते, त्यामुळे ज्या क्लबाकडे साठ-सत्तर माणसांची बरी खोली आहे त्याला शनिवारी चांगलं जेवण विकता येतं. ज्याच्याकडे पत्र्याची शेड आहे, त्याला ही वाट बंद.

खरी चूक जूनमध्ये होते. पगाराचे करार तेव्हा होतात आणि उत्पन्न कळतं पुढच्या मेमध्ये. लीग कपचे गटातले चार सामने तेवढे नक्की धरता येतात: 8 गट, प्रत्येकी 5 संघ, दोन सामने घरी. गटात प्रीमियरशिपचा संघ आला आणि तो घरी आला तर जुलैतच चार पैसे हाती येतात. स्कॉटिश कपचा पैसा मात्र बजेटमध्ये धरूच नये. तिथे खर्च वजा जाता तिकिटांचं उत्पन्न दोन्ही संघांत वाटलं जातं, म्हणून जानेवारी 2024 मध्ये हायलँड लीगच्या (लीग टूच्या खालची, उत्तरेकडची लीग) बकी थिसलला सेल्टिक पार्कवर 5-0 ने हरूनही तो दिवस फायद्याचा होता. पण ती चिठ्ठी निघाली म्हणून. जो खजिनदार अशी चिठ्ठी निघेल असं धरून एक स्ट्रायकर जास्त घेतो, तो फेब्रुवारीत अडकतो.

नोंदवही_22

वरच्या हिशेबात एक भर. एप्रिल 2025 पासून मालकानं पगारावर भरायचा नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक सुरक्षेचा हप्ता) 13.8 वरून 15 टक्के झाला आणि ज्या पगारापुढे तो लागतो ती मर्यादा वर्षाला 9,100 वरून 5,000 पौंडांवर, म्हणजे आठवड्याला साधारण 96 पौंडांवर आली. 150 पौंडांच्या खेळाडूवर पूर्वी काहीच भरावं लागत नव्हतं, आता आठवड्याला सुमारे 8.10 पौंड. 20 खेळाडू, 40 आठवडे: 6,480. पण त्याच वेळी एम्प्लॉयमेंट अलाउन्स, म्हणजे या हप्त्यातली वार्षिक सूट, 10,500 पौंड झाला आहे. पात्र असलेल्या छोट्या क्लबाचा हा बोजा त्यातच जिरतो. तो मिळवण्यासाठी पगाराच्या नोंदींमध्ये दावा करावा लागतो. पूर्णवेळ खेळाडू ठेवणाऱ्या चॅम्पियनशिपच्या क्लबांना मात्र ही वाढ खरोखर झोंबते.

टचलाइन

मैदानाचं मी सांगतो.

गवताच्या मैदानावर हिवाळ्यात आठवड्याला मोजकेच तास खेळता येतं, नाहीतर गोलपुढचा पट्टा चिखल होतो. खालच्या लीगमध्ये जमिनीखालची हीटिंग नसते. शुक्रवारी रात्री शून्याखाली तापमान गेलं की स्वयंसेवक कव्हरं टाकतात आणि सकाळी पाहणी होते. एकाच कोपऱ्यात, स्टँडच्या सावलीत, बूट रुतत नसेल तरी सामना रद्द. स्टॉलचा माल आलेला असतो, पाहुण्यांची बस निघालेली असते. तो सामना मग मंगळवारी रात्री होतो. प्रेक्षक घटतात, लांबचे तर येतच नाहीत, आणि खेळाडूंना कामावरून अर्धी रजा मागावी लागते. एखादा सुतार किंवा शिक्षक येऊ शकत नाही आणि संघ अकरावर बेतलेला राहतो. हिवाळ्यात असे चार सामने साचले की एप्रिलमध्ये आठवड्याला दोन-दोन खेळावे लागतात. दुखापती तिथे होतात.

म्हणून अ‍ॅनन, अ‍ॅलोआ, स्टेनहाउसम्युअर यांनी 3जी (रबराचे कण भरलेलं कृत्रिम गवत) टाकलं. फायदा सामन्याच्या दिवशी कमी आणि उरलेल्या सहा दिवसांत जास्त. पुन्हा गृहीत आकडे: आठवड्याला 30 तास, तासाला 60 पौंड, 40 आठवडे, म्हणजे 72,000 पौंड. शिवाय क्लबाचे युवा संघ, मुलींचे संघ, चालत खेळायचं वॉकिंग फुटबॉल, सगळं एकाच जागी. गावातली दोन-तीनशे मुलं आठवड्यातून दोनदा त्या फाटकातून आत येतात. पुढच्या पिढीचे प्रेक्षक तिथेच घडतात, आणि मला हाच त्याचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

बिघडतं कुठे? गालिचाचं आयुष्य साधारण 10 वर्षं. बदलायला समजा 3,00,000 लागणार असतील तर पहिल्या वर्षापासून दरवर्षी 30,000 वेगळ्या खात्यात टाकायला हवेत. हे पैसे पगारात गेले की दहाव्या वर्षी गालिचा झिजलेला आणि खातं रिकामं. दुसरं म्हणजे देखभाल. रबराचे कण पेनल्टीची जागा आणि कॉर्नर इथून उडतात. तिथे हातानं भर घालावी लागते आणि सगळ्या मैदानावर नेमानं ब्रश फिरवावा लागतो. नाहीतर पाती आडवी पडतात, मैदान कडक होतं आणि चेंडू उसळणं, घरंगळणं, धक्का शोषणं यांच्या चाचणीत नापास. शिवण उसवली तर लगेच चिकटवा, पाय अडकतो. खालचं शॉकपॅड (धक्का शोषणारा थर) नीट बसवलेलं असेल तर दुसऱ्या गालिचालाही चालतं, त्यामुळे पहिल्याच वेळी त्यात काटकसर करू नये.

आणखी एक अडचण वरून आली आहे. जून 2024 मध्ये प्रीमियरशिपच्या क्लबांनी 2026-27 पासून त्या लीगमध्ये कृत्रिम मैदानावर बंदी घालायचं ठरवलं. खाली परवानगी आहे. म्हणजे ज्या मैदानानं क्लब जगवला, वर चढल्यावर तेच उखडायचं. खेळाडूंचं गुडघ्यांबद्दलचं म्हणणं मी समजू शकतो, पण हा खर्च नेमका सगळ्यात कमी पैसा असलेल्यावर येतो.

जुना_स्टँड

बुडालेल्या क्लबांबद्दल. माझं मत ठाम आहे: कमी प्रेक्षकांमुळे क्लब क्वचितच मरतो. एकाच माणसाच्या खिशावर चालणारे पगार आणि दुसऱ्याच्या मालकीचं मैदान, या दोन गोष्टी मारतात.

ग्रेटना घ्या. जेमतेम 3,000 वस्तीचं सीमेवरचं गाव. 2002 मध्ये एअरड्रीओनियन्स बुडाल्यावर यांना लीगमध्ये जागा मिळाली. ब्रुक्स माइलसन या उद्योजकानं पैसा ओतला. 2005, 2006, 2007, तीन वर्षांत तीन विजेतेपदं, आणि 2006 ला स्कॉटिश कपची अंतिम फेरी, हार्ट्सकडून पेनल्टीवर हार. सर्वोच्च लीगमध्ये पोचले तेव्हा स्वतःचं रेडेल पार्क नियमात बसेना, म्हणून मदरवेलच्या फर पार्कवर 'घरचे' सामने. गावाबाहेर, भाडं देऊन. 2008 च्या सुरुवातीला माइलसन आजारी पडले, पैसा थांबला, मार्चमध्ये दिवाळखोरीचे प्रशासक आले, 10 गुण कापले गेले, जूनमध्ये लीगचा राजीनामा. त्यांची जागा शेजारच्या अ‍ॅननला मिळाली. समर्थकांनी ग्रेटना 2008 नावानं पुन्हा सुरुवात केली, ती अ‍ॅननमध्ये; रेडेल पार्कवर ते नंतर परतले.

मैदानाचं उदाहरण क्लाइड. 1986 मध्ये शॉफिल्ड सोडावं लागलं, मग दुसऱ्यांच्या मैदानांवर दिवस काढले, 1994 मध्ये कम्बरनॉल्डचं ब्रॉडवुड, आणि 2022 मध्ये तेही सुटून हॅमिल्टनच्या न्यू डग्लस पार्कवर. दर वेळी प्रेक्षकांचा एक थर गळतो. सातव्या वर्षी वडिलांचं बोट धरून चालत जाणारा मुलगा तिसऱ्या शहरात बसनं जात नाही. क्लायडबँकनं 1996 मध्ये किलबोवी गमावलं, नंतर परक्या मैदानांवर फिरला आणि 2002 मध्ये विकत घेतला जाऊन एअरड्री युनायटेड बनला. लीगमधली जागाच विकत घेतली गेली. समर्थकांनी नवा क्लब काढून ज्युनियर फुटबॉलपासून (मुलांचं नव्हे, लीगबाहेरच्या छोट्या क्लबांचं) पुन्हा चढाई सुरू केली.

हे जुनं झालं म्हणाल तर ऑक्टोबर 2024 मध्ये इनव्हरनेस आणि नोव्हेंबरमध्ये डम्बार्टन प्रशासकांकडे गेले, दोघांचेही 15 गुण गेले. डम्बार्टन त्याच हंगामात लीग वनमधून खाली आलं.

उलट बाजू: स्टर्लिंग अ‍ॅल्बियन 2010 मध्ये समर्थकांच्या ट्रस्टनं विकत घेतला. स्टेनहाउसम्युअर ही कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी आहे. त्यात मालमत्तेला 'अ‍ॅसेट लॉक' असतो, म्हणजे मैदान विकून कुणी वैयक्तिक नफा काढू शकत नाही. 2023-24 मध्ये त्यांनी लीग टू जिंकली, क्लबाच्या इतिहासातलं पहिलं लीग विजेतेपद.

गोलपोस्ट_सातारा

सगळ्यांचे आभार, फार नेमकं मिळालं. दोन उपप्रश्न. ब्रीखिन सिटी चॅम्पियनशिपमध्ये चढून थेट लीगबाहेर कसा गेला? आणि खेळाडू घडवून विकण्यात छोट्या क्लबाला काही मिळतं का?

टचलाइन

ब्रीखिन 2017 मध्ये प्ले-ऑफमधून वर गेला, अर्धवेळ संघ घेऊन. त्या हंगामात 36 पैकी एकही सामना जिंकला नाही, 4 बरोबरी, 4 गुण. पुढच्या वर्षी लीग वनमधूनही खाली, आणि 2021 मध्ये केल्टी हार्ट्सकडून हरून लीगबाहेर. आठवड्याला दोन सराव करणारा संघ रोज सराव करणाऱ्यांसमोर शेवटच्या वीस मिनिटांत कमी पडतो. आर्ब्रोथनं 2021-22 मध्ये अर्धवेळ राहूनच चॅम्पियनशिपमध्ये दुसरं स्थान मिळवलं, पण तो बरीच वर्षं एकत्र खेळलेला संघ होता. वर चढल्यावर अर्धा संघ बदलणं ही नेहमीची चूक.

खालचा दरवाजा 2014-15 पासून उघडा आहे. हायलँड (उत्तर) आणि लोलँड (दक्षिण) लीगचे विजेते दोन लढतींत भिडतात, जिंकणारा लीग टूच्या शेवटच्याशी पुन्हा दोन लढती खेळतो. ईस्ट स्टर्लिंगशायर, बेरिक, ब्रीखिन, काउडनबीथ, अ‍ॅल्बियन रोव्हर्स, बॉनिरिग असे गेले. खाली गेल्यावर कुठे, हे डंडीच्या टे रोड ब्रिजच्या मध्यातून जाणारी रेषा ठरवते: 56.4513 अंश उत्तर. तिच्या वर असाल तर हायलँड लीग.

बॉनिरिगची गोष्ट परवान्याच्या कागदांकडे दुर्लक्ष करणाऱ्यांनी वाचावी. मैदानाचा उतार निकषात बसत नव्हता म्हणून 2024-25 मध्ये 6 गुण कापले गेले. हंगाम तळाशी संपला आणि ईस्ट किलब्राइडकडून हरून ते बाहेर गेले.

हिशेबवही

खेळाडूंच्या विक्रीबद्दल. स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या फुटबॉल संघटना वेगळ्या असल्यामुळे तिकडची बदली आंतरराष्ट्रीय ठरते आणि फिफाचा सॉलिडॅरिटी हिस्सा लागू होतो: शुल्काच्या 5 टक्के, 12 ते 23 वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटून. 12 ते 15 च्या प्रत्येक वर्षाला 0.25 टक्के, 16 ते 23 ला 0.5 टक्के. मुलगा 12 ते 16 अशी पाच वर्षं तुमच्याकडे होता आणि पुढे 10 लाख पौंडांना इंग्लंडला गेला, तर 1 टक्का अधिक अर्धा टक्का, म्हणजे 15,000 पौंड. वरच्या हिशेबातले अडीच खेळाडूंचे हंगामभराचे पगार.

नोव्हेंबर 2022 पासून हे फिफाच्या क्लिअरिंग हाउसमार्फत जातं. खेळाडूच्या इलेक्ट्रॉनिक पासपोर्टमध्ये तुमच्या नोंदणीच्या तारखा नसतील तर हिस्सा धरला जात नाही. शिवाय क्लबाला आधी कागदपत्रांची तपासणी पार करावी लागते. 12 वर्षांच्या मुलाचा फॉर्म त्याच आठवड्यात भरून ठेवणारा स्वयंसेवक सचिव क्लबाला दहा वर्षांनी पैसे मिळवून देतो.

जुना_स्टँड

एक उरलंच. शनिवारी दुपारच्या थेट प्रक्षेपणावर ब्रिटनमध्ये बंदी आहे, पण परदेशातल्या प्रेक्षकांना बरेच क्लब स्वतःच्या संकेतस्थळावरून सामना विकतात. तिथला दुपारी 3 चा सामना आपल्याकडे हिवाळ्यात रात्री 8:30 ला, त्यांची उन्हाळी वेळ असताना 7:30 ला सुरू होतो. शक्यतो क्लबाच्याच पानावरून घ्या. मात्र शनिवारी सकाळी पाहणीचा निकाल बघूनच पैसे भरा, विशेषतः जानेवारीत आणि गवताच्या मैदानावर.