दोन शब्द जोडून नवीन शब्द कसा होतो? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. मुलीला कॉलेजात भाषाशास्त्राचा प्रोजेक्ट आहे, विषय घेतलाय मुलं जे नवीन शब्द बनवतात त्यांचा. इंग्रजीतली उदाहरणं भरपूर मिळाली, ब्रेकफास्ट आणि लंच मिळून ब्रंच, मोटर आणि हॉटेल मिळून मोटेल, स्मोक आणि फॉगचं स्मॉग (हा लंडनच्या हवेवरून १९०५ च्या सुमारास रुळला). तिथे पहिल्या शब्दाचं डोकं आणि दुसऱ्याचं शेपूट घेतात आणि लांबी बहुतेक दुसऱ्या शब्दाएवढीच राहते, लंच एका दमात तसं ब्रंचही.

पण आमच्या घरातले शब्द बघा. आमच्या भाषेला मुलं गुजराठी म्हणतात, आणि रविवारी दुपारी कंटाळा अधिक आळस म्हणजे कंटाळस! इथे पहिल्याचंच माप राहतंय आणि मधला 'रा' किंवा 'टाळ'मधला 'आळ' दोन्ही शब्दांत सामायिक आहे, मला वाटतं म्हणूनच हे शब्द ऐकताक्षणी कळतात. चहा-नाश्त्याचं चाश्ता मात्र समजावून सांगावं लागतं.

हा संधी नाही ना? संधीत दोन्ही शब्द जवळजवळ पूर्ण राहतात, इथे तुकडे गळतात. समासही नाही वाटत. मग मराठी व्याकरणात याला नेमकं काय म्हणायचं? आणि इंदूर-ग्वाल्हेरकडच्यांनो, तुमच्याकडे हिंदी-मराठी जोडून असे कुठले शब्द चालतात ते प्लीज कळवा, कोण बोलतं, केव्हा बोलतं तेही लिहा, त्याचा फार उपयोग होईल.