चित्रपटसंगीतासाठी आधी अभ्यासक्रम करावा, की आधी उमेदवारी?

प्रश्न: एक पालक, चोपडा तालुका

नमस्कार. माझी मुलगी 22 वर्षांची आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची गायनातील विशारद परीक्षा तिने उत्तीर्ण केली असून, जळगावला शिकत असताना विद्यापीठाच्या युवारंग महोत्सवासाठी ती तीन वर्षे समूहगीते बसवत होती. त्याच ओळखीतून दोन अहिराणी लघुपटांना तिने घरच्या कीबोर्डवर आणि लॅपटॉपवर पार्श्वसंगीत दिले आणि तेव्हापासून हेच काम करायचे, असे तिने मनाशी ठरवले आहे. आता मुंबईतील एका संगीतकारांनी तिला सहायक म्हणून बोलावले आहे; पहिले सहा महिने मानधन मिळणार नाही. दुसरा मार्ग रीतसर अभ्यासक्रमाचा आहे. माझी केळीची बाग आहे आणि या दोहोंपैकी एकाचाच खर्च मला झेपेल. तिच्या आईला वेगळीच काळजी आहे, ती अशी की दहा वर्षे तानपुऱ्यापाशी बसून केलेला रियाज या कामात वाया तर जाणार नाही ना. जाणकारांनी मोकळेपणाने सांगावे.

उत्तर: मूळ भुसावळकर, सध्या मुंबईत म्युझिक प्रोग्रामर

भाऊसाहेब, आपल्याकडचे बरेच मोठे चित्रपटसंगीतकार दुसऱ्याच्या हाताखाली काम करता करताच घडले. लक्ष्मीकांत मेंडोलिन वाजवत, प्यारेलाल व्हायोलिन वाजवत. इतरांच्या वाद्यवृंदांत वाजवून आणि कल्याणजी-आनंदजी यांचे सहायक म्हणून राबून झाल्यावर 1963 साली ‘पारसमणी’ने त्यांचे नाव झाले. ए. आर. रहमान नऊ वर्षांचे असताना, 1976 साली, त्यांचे वडील वारले. त्यानंतर ते लहान वयातच वाद्यवृंदांत कीबोर्ड वाजवू लागले, पुढे जाहिरातींसाठी छोट्या धुना करत राहिले आणि 1992 साली ‘रोजा’ आला. हा काळ त्यांच्या चरित्रांत दोन ओळींत उरकला जातो, पण खरे शिक्षण त्याच काळात झाले, असे माझे ठाम मत आहे.

सहायकाच्या वाट्याला येणारे काम मात्र आधी समजून घ्या, कारण चाल लावण्याचा त्यात फारसा संबंध नसतो. प्रसंग कोणत्या क्षणाला सुरू होतो, पात्र कुठे वळते, संवाद कुठे थांबतो, हे टाइमकोडसह, म्हणजे चित्रपटातल्या नेमक्या वेळेसह, टिपून ठेवायचे आणि त्यावर लय बसवायची. चित्रपट सेकंदाला 24 फ्रेम्सने चालतो. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एक मात्रा 12 फ्रेम्सची होते आणि 96 च्या लयीत 15 फ्रेम्सची. दार आपटण्याचा आवाज समेवर यावा असे दिग्दर्शकाला वाटत असेल, तर हा हिशेब पाठच असावा लागतो. इतके करून झाल्यावर संकलक त्या प्रसंगातले चार सेकंद कापतो आणि रात्रीतून सगळी मांडणी पुन्हा करावी लागते. हे कोणत्याही वर्गात पुरेसे शिकवता येत नाही.

माझ्या पहिल्या वर्षातली एक चूक सांगतो. चित्रपटाचा ध्वनी संगणकात 48,000 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या नोंदींच्या दराने ठेवतात, गाण्याच्या सीडीचा 44,100 हर्ट्झने. मी दर न बदलता दिलेली फाइल मिश्रणाच्या वेळी जलद वाजली आणि पट्टी जवळपास दीड अर्धस्वराने चढली. बासरीवादकांचे ते संपूर्ण ध्वनिमुद्रण गायिकेच्या स्वराशी जुळेना, आणि भर स्टुडिओत माझ्यामुळे सर्वांना दोन तास थांबावे लागले. मुलीने घरी आजपासूनच 48,000 वर काम करण्याची सवय लावावी.

सहा महिने बिनपगारी राहण्यापूर्वी तिने त्या संगीतकारांना तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: दिग्दर्शकासोबतच्या बैठकीला बसता येईल का, ध्वनिमुद्रणाच्या वेळी आत थांबता येईल का, आणि तिने केलेल्या कामासाठी श्रेयनामावलीत नाव येईल का. तिन्हींना नकार मिळाला, तर तिथे फक्त फाइली वाहून नेण्याचे काम असेल.

उत्तर: संगीत शिक्षिका, धुळे

मुलीच्या आईंना सांगा, रियाज वाया जात नाही. एकच स्वर कुठे लांबवायचा आणि कुठे सोडायचा, याची जाण पार्श्वसंगीतात गाण्यापेक्षाही जास्त लागते, कारण तिथे निम्मे काम स्तब्धतेचे असते. विशारद झालेल्या मुलींची उणीव वेगळ्या जागी दिसते. एका वेळी अनेक स्वर कसे चालवावेत हे आपल्या पद्धतीत येत नाही आणि पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येत नाही. वीस व्हायोलिनवादक समोर बसले, तर त्यांना ‘सा रे ग’ सांगून चालत नाही. प्रत्येकापुढे लिहिलेला कागद ठेवावा लागतो. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या पाश्चात्त्य संगीताच्या लेखी श्रेणी परीक्षांचा अभ्यास नोकरी किंवा उमेदवारी करतानाही होतो, म्हणून त्यासाठी रीतसर अभ्यासक्रमात दोन वर्षे आणि बागेचे उत्पन्न अडकवण्याची गरज मला वाटत नाही.

अजय-अतुल रीतसर शिकले नाहीत, तरी त्यांनी ‘सैराट’साठी लॉस एंजेलिसला वाद्यवृंद मुद्रित केला, हे उदाहरण माझे विद्यार्थी नेहमी पुढे करतात. त्या दोघांनी बँडपासून ध्वनिफितींपर्यंत मिळेल तिथे वाद्यमेळ कानांनी शिकून घेतला होता, हे मात्र ते विसरतात.

आणखी एक विनंती, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. जाण्यापूर्वी तिने आपला प्रदेश कानांत भरून घ्यावा. श्रावणातील कानबाई देवीची गाणी, गावोगावचे वहीगायन हे लोकगायन, सातपुड्यात काठी गावच्या होळीला रात्रभर वाजणारे मोठे ढोल आणि आदिवासी वादकांचे पावरी हे फुंकून वाजवायचे वाद्य, हे सर्व चांगल्या मायक्रोफोनने, वादकांची परवानगी घेऊन आणि त्यांना मोबदला देऊन मुद्रित करावे. मुंबईतील प्रत्येक संगणकात वाद्यांच्या आवाजांचे तेच विकत घेतलेले नमुने असतात; हे नाद तिथे कोणाकडे सापडणार नाहीत.

उत्तर: वकील, जळगाव

करारापुरते लिहितो. 2012 च्या दुरुस्तीनंतर प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यानुसार चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून मिळणाऱ्या स्वामित्वधनातील (रॉयल्टीतील) आपला समान वाटा संगीतकाराला कायदेशीर वारस किंवा प्रताधिकार संस्था यांच्याखेरीज कोणालाही देऊन टाकता येत नाही. तसे लिहून घेतले तरी ते टिकत नाही. हस्तांतराच्या करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल, तर भारतापुरता धरला जातो. मात्र हे संरक्षण रचना करणाऱ्याला आहे. सहायकाने रचलेला तुकडा दुसऱ्याच्या नावावर गेला, तर आपणच तो रचला हे सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून आपल्या प्रत्येक रचनेची मूळ फाइल तारखेसह जपून ठेवावी आणि शक्य तेव्हा ती स्वतःला ईमेलने पाठवावी.

मूळ प्रश्नकर्ते

सर्वांचे मनापासून आभार. वरील तिन्ही प्रश्न तिने काल पत्राने विचारले आहेत. उत्तर येईपर्यंत ती काठीच्या बाजूला दोन दिवस जाणार आहे. ध्वनिमुद्रक यंत्र एका मित्राकडून मिळाले आहे. धुळ्याच्या ताईंना एकच विचारायचे आहे: स्वरलिपीच्या लेखी परीक्षेसाठी पियानो विकत घ्यावा लागेल का?

संगीत शिक्षिका, धुळे

नाही. लेखी परीक्षेला वाद्य लागत नाही. तिचा कीबोर्ड सरावाला पुरेसा आहे. पहिल्या श्रेणीचे पुस्तक माझ्याकडे आहे, धुळ्याला येणे झाले की घेऊन जावे.