पटावर नाव आणि वाचता येणं

शाळा आणि पैसा वाढवला की शिक्षणाचा दर्जा आपोआप सुधारेल, हे म्हणणं मला अर्धंच पटतं. केनियाने 2003 मध्ये प्राथमिक शिक्षणाची फी रद्द केली आणि लाखो मुलं शाळेत आली. ही मोठीच गोष्ट होती. पण एकेका वर्गात इतकी मुलं झाली की शिक्षकाला प्रत्येकाची वही पाहणंही जमेना. जागतिक बँकेने 2019 मध्ये मांडलेला अंदाज तर झोप उडवणारा आहे: कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहा वर्षांच्या 53 टक्के मुलांना साधी गोष्ट वाचून समजत नाही. कोविडनंतर हा आकडा 70 टक्क्यांवर गेल्याचा अंदाज होता.

यातली बरीच मुलं शाळेत जाणारी आहेत, हे विसरू नका. ओळीखाली बोट ठेवून मूल धडा घडाघडा वाचतं. पुस्तक मिटून ‘काय झालं गोष्टीत?’ विचारलं की गप्प. धडा पाठ असतो, अक्षर ओळखीचं नसतं. आणि अभ्यासक्रम पुढे पळत राहतो. दुसरीत मागे राहिलेलं मूल पाचवीत फक्त फळ्यावरचं उतरवत बसतं.

गरिबी हे कारण खरंच, पण सगळं तिच्या माथी मारू नये. पंधरा वर्षांच्या मुलांच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत 2012 मध्ये व्हिएतनाम गणितात अमेरिकेच्या पुढे होता. झांबियात मुलांचे गट इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार करून शिकवतात. ही पद्धत भारतातल्या ‘प्रथम’ संस्थेची. इमारतीच्या आधी मला हे हवं.