मदत हवी आहे: आईसाठी अँड्रॉइडच ठेवावा की आयफोन घ्यावा?

नमस्कार मंडळी,

आईचा फोन बदलायचा आहे आणि घरात दोन तट पडले आहेत. भाऊ न्यू जर्सीला असतो, तो म्हणतो डोळे मिटून आयफोन घे. मी पुण्यात आणि आई कराडला एकटी. फोन अडला की पहिला कॉल मलाच येतो, त्यामुळे नीट समजून घेऊन ठरवायचे आहे.

विषय निघाला तो आईच्या भिशीतल्या एका काकूंमुळे. त्यांना व्हॉट्सॲपवर ओळखीच्याच नंबरवरून लग्नपत्रिका आली. चित्र नाही, पीडीएफ नाही, नावाच्या शेवटी ‘एपीके’ असलेली फाइल, म्हणजे खरे तर अँड्रॉइडचे ॲप. काकूंनी उघडली, फोन जे जे विचारत गेला त्याला ‘हो’ म्हणत गेल्या, आणि रातोरात बचत खाते रिकामे झाले. ज्यांच्या नंबरवरून पत्रिका आली त्यांचा फोनही आधीच भामट्यांच्या ताब्यात गेलेला होता. तीच पत्रिका आईलाही आली होती. ती परवानगीच्या पडद्यापर्यंत पोचली, थांबली आणि मला फोन करून म्हणाली, “पत्रिका बघायला हा फोन माझी परवानगी कशाला मागतोय गं?” आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, प्रश्न विचारायची सवय अजून गेलेली नाही. पण दर वेळी ती थांबेलच असे धरून मी निर्धास्त कशी राहू?

म्हणून थोडे वाचन केले. मला कळले ते असे. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप टाकता येते. २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून ही परवानगी प्रत्येक ॲपला वेगळी द्यावी लागते, म्हणजे व्हॉट्सॲपला वेगळी, क्रोमला वेगळी. एकदा ॲप आत आले की ते एसएमएस वाचण्याची परवानगी मागू शकते, आणि तिथेच ओटीपी असतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ॲक्सेसिबिलिटी. स्क्रीनवर काय आहे ते वाचायचे आणि माणसाच्या वतीने बटणे दाबायची, ही मुभा दृष्टिहीन लोकांसाठी ठेवलेली आहे. ज्या परवानगीवर एखाद्या अंध माणसाचा फोन चालतो, त्याच परवानगीवर चोराचेही काम होते. आयफोनवर कुठल्याही ॲपला तुमचे सगळे एसएमएस वाचता येत नाहीत, दुसऱ्या ॲपमधली बटणे दाबता येत नाहीत, आणि भारतात ॲप स्टोअर सोडून बाहेरचे ॲप सहजासहजी टाकता येत नाही. (युरोपीय संघात कायद्यामुळे मार्च २०२४ पासून ॲपलला दुसऱ्या स्टोअरना वाट द्यावी लागली, आपल्याकडे तसे नाही.) थोडक्यात, अँड्रॉइडने दार ठेवून किल्ली मालकाच्या हाती दिली आणि आयफोनने तिथे भिंतच बांधली.

हे वाचून भावाचे बरोबर वाटले होते. मग आई दिवसभर फोन कसा वापरते ते शेजारी बसून पाहिले.

तिच्या फोनवर खाली तीन बटणांची पट्टी आहे. कुठेही अडकली की डाव्या-उजव्याचा विचार न करता ती ‘मागे’ दाबते. यूट्यूबवर कीर्तन चालू असू दे, भाजीवाल्याला पैसे पाठवायचे असू देत, बटण एकच आणि जागाही तीच. आयफोनवर मागे जायची खूण बहुतेक ॲपमध्ये वर डाव्या कोपऱ्यात असते, नाहीतर कडेवरून बोट सरकवायचे. आईच्या उजव्या हाताला थोडा कंप आहे. तो कोपरा तिच्या अंगठ्यापासून लांब पडतो आणि बोट सरकवताना भलतेच काही उघडते, हे भावाचा जुना आयफोन हातात देऊन पाहिले तेव्हा कळले.

दुसरे म्हणजे बोलून लिहिणे. आई जीबोर्डवर (गूगलचा कीबोर्ड) माइक दाबून मराठीत बोलते आणि शिक्षकांच्या ग्रुपवर भलेमोठे परिच्छेद टाकते. आयफोनवर बाहेरच्या कीबोर्डना माइक थेट वापरू देत नाहीत, असे वाचले. तिसरे, मराठी. अँड्रॉइडमध्ये सगळा फोन मराठीत करायची सोय २०१४ च्या लॉलीपॉप या आवृत्तीपासून आहे. आयफोनमध्ये ती २०२५ मध्ये, आयओएस (आयफोनची प्रणाली) १८.४ ला आली. तिचा फोन पहिल्यापासून मराठीतच आहे.

कॅमेरा, गेम, प्रोसेसर यातले काही नको. सध्याच्या फोनला सुरक्षा अपडेट येणे बंद झाले आहे, म्हणून बदलणे भाग आहे. आईचे हात आणि सवयी सांभाळून तिला या एपीकेवाल्यांपासून वाचवायचे तर काय घ्यावे? अँड्रॉइडलाच पुरेसे कुलूप लावता येते का? घरातल्या ज्येष्ठांसाठी ज्यांनी असा निर्णय घेतला आहे त्यांनी कृपया अनुभव लिहावेत.

— करवंदी

पिंपळपार:

ताई, आधी पैशांचा बंदोबस्त करा, फोन नंतर. मी बँकेत नोकरी केली आहे. पेन्शन ज्या खात्यात येते ते खाते यूपीआयला जोडूच नका. दुसरे छोटे खाते उघडा, त्यात महिन्याच्या खर्चापुरते पैसे ठेवा आणि तेवढेच यूपीआयला जोडा. पेन्शनच्या खात्याचे मोबाइल बँकिंगही लागत नसेल तर बंद करून घ्या. मग कुठलाही फोन असो, नुकसान झाले तरी महिन्याच्या भाजीपाल्याएवढेच. आणि १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर आईंच्या फोनमध्ये नावानिशी टाकून ठेवा. फसवणूक कळल्याबरोबर तिथे कळवले तर रक्कम पुढे सरकण्याआधी रोखता येण्याची शक्यता असते. सकाळी बँक उघडेपर्यंत थांबायचे नाही.

निशिगंध:

आम्ही सासऱ्यांना आयफोन घेऊन दिला, त्याबद्दल लिहिते. त्यांचे वय ७४.

एक फरक पहिल्याच दिवशी दिसला. यूपीआय ॲप सुरू करताना सिमची खात्री पटवायला एक एसएमएस जावा लागतो. अँड्रॉइडवर परवानगी दिली की ॲप तो स्वतःच पाठवते, आपल्याला पत्ताही लागत नाही. आयफोनवर मेसेज लिहायचा पडदा उघडतो, त्यात अगम्य अक्षरे आधीच भरलेली असतात आणि ‘पाठवा’चा बाण आपणच दाबायचा असतो. सासऱ्यांना वाटले हाच फसवणुकीचा मेसेज, त्यांनी तो पुसून टाकला! असे परत परत झाले. मी मात्र तेव्हापासून निश्चिंत आहे, कारण त्यांच्या नावाने एखादे ॲप गुपचूप मेसेज पाठवू शकत नाही हे डोळ्यांनी पाहिले.

आयओएस १७ पासून असिस्टिव्ह ॲक्सेस नावाची सोय आहे. मोठी चौकोनी बटणे, मोजकीच ॲप, आणि प्रत्येक पडद्याच्या तळाशी ‘मागे’चे मोठे बटण. तुमच्या आईंच्या अंगठ्याचा प्रश्न त्याने सुटेल. पण त्या सोयीसाठी खास न बनवलेली ॲप त्यात अवघडलेली वाटतात आणि फोन अगदीच तोकडा होतो. सासऱ्यांनी दोन दिवसांत बंद करायला लावले. “मी काय लहान आहे का,” म्हणाले. शिक्षिका असलेल्या बाईंना ते आवडेल असे मला वाटत नाही.

जीबोर्डचे म्हणाल तर आयफोनवरही बोलून लिहिता येते, पण माइक दाबला की क्षणभर जीबोर्डचे ॲप उघडते आणि मग परत यावे लागते. तरुणांना चालते. सासऱ्यांनी नाद सोडला, आता ते ग्रुपवर आवाजच रेकॉर्ड करून पाठवतात.

कोयनाकाठ:

मी अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी ॲप बनवतो, म्हणून जरा सविस्तर.

करवंदी, तुमचे आकलन बरोबर आहे. फक्त एक दुरुस्ती सुचवतो. अँड्रॉइडचे दार आता २०१७ इतके मोकळे राहिलेले नाही. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी थेट देता येत नाही, आधी सेटिंग्जमध्ये जाऊन अडसर काढावा लागतो. भामट्यांनी त्यातूनही वाटा काढल्या, पण बंदोबस्तात भर पडतच गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये गूगलने भारतासाठी प्ले प्रोटेक्टमध्ये (फोनमधली ॲप तपासणारी गूगलची सोय) खास सोय जाहीर केली: ब्राउझर, मेसेजिंग ॲप किंवा फाइल मॅनेजरमधून आलेले ॲप एसएमएस, नोटिफिकेशन किंवा ॲक्सेसिबिलिटी मागणारे असेल तर ते टाकूच द्यायचे नाही. काकूंना आलेली पत्रिका नेमकी याच जातीची. सॅमसंगच्या फोनमध्ये ऑटो ब्लॉकर आहे, तो चालू असताना बाहेरचे एपीके बसतच नाही. अँड्रॉइड १६ मध्ये ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन आले आहे, तेही चालू केले की अनोळखी ॲपची वाट बंद. म्हणजे तुम्हाला हवी असलेली भिंत अँड्रॉइडवरही घालता येते. फरक इतकाच की आयफोनवर ती कारखान्यातूनच येते आणि पाडता येत नाही. अँड्रॉइडवरची भिंत तुम्ही घालाल तर फोनवर कुणीतरी गोड बोलून ती आईंकडूनच पाडून घेऊ शकतो.

आणि इथेच मला भावाच्या ‘डोळे मिटून’वर आक्षेप घ्यायचा आहे. आयफोन एक प्रकारचा हल्ला जवळजवळ बंद करतो, सगळे नाही. ॲपलच्या टेस्टफ्लाइट या चाचणीच्या सोयीतून लोकांच्या फोनवर खोटी गुंतवणूक ॲप उतरवल्याची प्रकरणे उघड झालेली आहेत. व्हॉट्सॲपवर स्क्रीन शेअर करण्याची सोय २०२३ पासून दोन्हींवर आहे, आणि ‘स्क्रीन दाखवा, मी मदत करतो’ म्हणणाऱ्याला ओटीपी दोन्हींवर दिसू शकतो. डिजिटल अरेस्टवाल्यांना, म्हणजे खोटे पोलीस बनून अटकेची भीती घालणाऱ्यांना तर कुठलेच ॲप लागत नाही, व्हिडिओ कॉल आणि धाक एवढेच पुरते. आईंनी थांबून तुम्हाला फोन केला, ही सवय टिकवा. फोन बदलताना ती सवय मोडेल असे काही करू नका. ज्या माणसाला आपल्या फोनमधले कळते, त्याला वेगळे काही घडत असेल तर खटकते. आईंना तो पडदा खटकला, कारण रोजचे पडदे त्यांच्या ओळखीचे आहेत आणि मराठीत आहेत. नव्या फोनवर काही महिने सगळेच अनोळखी असेल, आणि तेव्हा सगळ्यालाच ‘हो’ म्हटले जाते.

म्हणून माझे मत: अँड्रॉइडच घ्या, पण दीर्घकाळ अपडेट मिळणारा. गूगलच्या पिक्सेल ८ पासून पुढच्या मुख्य पिक्सेल फोनना आणि सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२४ पासून पुढच्या एस मालिकेला सात वर्षे अपडेटचा शब्द आहे. स्वस्तात हवा असेल तर २०२४ च्या गॅलेक्सी ए१६ ला सहा वर्षांचा आहे. पूर्वी या बाबतीत आयफोन फार पुढे होता, २०१८ च्या आयफोन एक्सएसला २०२४ चे आयओएस १८ मिळाले होते. आता ते अंतर राहिलेले नाही, मात्र अँड्रॉइडमध्ये कंपनी आणि मॉडेल बघूनच घ्यावे लागते.

निशिगंध:

कोयनाकाठ, पटले. एकच भर घालते. आयओएस १८ पासून फेसटाइमवर (ॲपलचे व्हिडिओ कॉल) समोरच्याचा आयफोन दुरून चालवता येतो, परवानगी घेऊन. करवंदींचा भाऊ अमेरिकेतून आईंचा फोन नीट करून देऊ शकेल, हा मोठा आधार असतो. आमच्याकडे त्याचा फार उपयोग होतो.

करवंदी:

सगळ्यांचे मनापासून आभार. निशिगंध, दुरून चालवण्याचे भावालाही सांगितले, तो खूश झाला. पण त्याची रात्र ती आईची दुपार, आणि अडचणी दुपारीच येतात. निव्वळ गप्पांसाठी तो फेसटाइमची लिंक पाठवेल, ती अँड्रॉइडच्या ब्राउझरमध्ये उघडते.

काल आईला दोन्ही बाजू समजावून सांगितल्या आणि तिलाच ठरवायला सांगितले. तिने विचारले, “आयफोनवर भिंत आहे म्हणतेस, मग मला आलेलं खरं की खोटं हे कोण ओळखणार, मी की फोन?” मी म्हटले, बरेचसे फोन. तिला ते रुचले नाही. तिला ओळखायला शिकायचे आहे, आणि खालचे बटण हवे आहे. तेव्हा अपडेट बघून सॅमसंगच घेते. ऑटो ब्लॉकर चालू करीन, व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाइल्सची अनोळखी ॲपची परवानगी बंद आहे ना ते एकेक तपासून घेईन, आणि व्हॉट्सॲपमधले डॉक्युमेंटचे आपोआप डाउनलोडही बंद करीन. पिंपळपार काका, पेन्शनच्या खात्याचे यूपीआय काढायला आई आणि मी सोमवारी बँकेत जातोय. नवा फोन आल्यावर यूपीआय परत सुरू करताना काही काळजी घ्यायची असते का?

पिंपळपार:

हो. नोंदणीचा एसएमएस जायला सिमवर बॅलन्स हवा, आणि दोन सिम असतील तर बँकेत नोंदवलेलेच सिम निवडायचे. नव्या फोनवर सुरुवातीला रकमेची मर्यादा कमी असते, म्हणून विजेचे बिल वगैरे आधीच भरून टाका. जुना फोन कुणाला देण्याआधी त्यातली यूपीआय ॲप काढून फॅक्टरी रीसेट करा. आणि हे सगळे आईंच्याच हाताने करून घ्या, तुम्ही फक्त शेजारी बसा.